पहिले स्ववृत्त

‘उमेदवार’ हा शब्द मराठीत फार्सीतून आला. ‘उमेद’ म्हणजे आशा. आशा धरून बसलेला तो उमेदवार. पूर्वीच्या काळी नोकरी मिळावी या आशेने कित्येक तरुण कचेरीत बिनपगारी लिहिण्याचे काम करीत, तेथील रीतभात शिकून घेत आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहत. या खटाटोपास ‘उमेदवारी करणे’ असे म्हणत. माणसाची ओळख आधी होई व नेमणूक मागून होई. आज हा क्रम पालटला आहे. उमेदवाराने कचेरीत पाऊल टाकण्यापूर्वीच त्याच्याविषयीचा एक कागद तेथे पोहोचतो, आणि त्याला भेटीस बोलवावे किंवा नाही, हे त्या कागदावरून ठरते. या कागदास स्ववृत्त म्हणतात. व्यवहारात त्याला ‘बायोडेटा’ हेच नाव रूढ झाले आहे.

ज्याने दहा वर्षे नोकरी केली आहे, त्याला स्ववृत्त लिहिणे अवघड नसते. खरी अडचण नुकतीच शाळा संपविलेल्यांची. परभणी जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातील मुलीचे उदाहरण घ्यावे. ती बारावी उत्तीर्ण झाली आहे. घरची जमीन कोरडवाहू. पुढे शिकावयाचे तर शुल्काची तरतूद तिची तिलाच केली पाहिजे. तालुक्याच्या गावी बी-बियाणे व खते विकणाऱ्या दुकानात हिशेब लिहिण्यासाठी माणूस हवा आहे, असे तिच्या कानावर येते. ती कोरा कागद पुढे घेते. नाव, पत्ता, शिक्षण एवढे पाच मिनिटांत लिहून होते. पुढे ‘अनुभव’ हा शब्द येतो आणि तेथे ती ‘काही नाही’ असे लिहून मोकळी होते.

परंतु हे खरे आहे काय? कापूस वेचणीच्या दिवसांत प्रत्येक मजुराने किती किलो कापूस वेचला, हे तराजूवर पाहून वहीत टिपण्याचे काम ती तीन हंगाम करीत आली आहे. त्या आकड्यांवरूनच मजुरी वाटली जाते. आकडा चुकला तर संध्याकाळी भांडण ठरलेले. तिच्या आईच्या बचतगटात बाराजणी आहेत. त्यांची जमाखर्चाची वहीही हीच लिहिते. बँकेत पैसे भरण्याची पावती भरणे, कर्जाचा हप्ता व व्याज वेगवेगळे मांडणे, ही कामे तिच्या अंगवळणी पडली आहेत. त्यांचा पगार मिळाला नाही, म्हणून ती कामे नव्हती असे होत नाही. दुकानदाराला नेमके हेच करणारे माणूस हवे आहे, आणि त्याला ते कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

अशी कामे कशा शब्दांत लिहावी, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. ‘हिशेबाची आवड आहे, कष्टाळू व प्रामाणिक’ अशी वाक्ये पुष्कळजण लिहितात. ती वाचून वाचणाऱ्यास काहीच कळत नाही, कारण स्वतःला आळशी म्हणवून घेणारा उमेदवार अद्याप कोणी पाहिलेला नाही. त्याऐवजी ‘बारा सभासदांच्या बचतगटाची जमाखर्चाची वही दोन वर्षे लिहिली’ हे वाक्य पाहावे. काम कोणते, किती व किती काळ, हे सारे त्यात आले आणि विशेषण एकही लागले नाही.

अपयशाविषयी काय लिहावे, याचा एक उत्तम नमुना इतिहासात सापडतो. श्रीनिवास रामानुजन यांचे गणितातील श्रेष्ठत्व आज जगाला ठाऊक आहे. परंतु 1912 साली ते मद्रासमध्ये नोकरीच्या शोधात हिंडणारे एक तरुण होते. महाविद्यालयाच्या एफ. ए. परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले होते. गणितावाचून दुसऱ्या विषयात त्यांचे मन लागत नसे, हे त्याचे कारण. 9 फेब्रुवारी 1912 रोजी त्यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. तो अवघ्या काही ओळींचा आहे. आपण मॅट्रिक उत्तीर्ण असून एफ. ए.पर्यंत शिकलो, प्रतिकूल परिस्थितीमुळे पुढील शिक्षण खुंटले, मात्र तेव्हापासून सर्व वेळ गणितास दिला आहे आणि हे काम आपण नीट पार पाडू, एवढाच त्याचा आशय. एफ. ए. उत्तीर्ण झालो, असे त्यांनी लिहिले नाही. आणि अपयशाचे रडगाणेही गायिले नाही. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजच्या एका गणिताच्या प्राध्यापकाचे शिफारसपत्र जोडले होते. 1 मार्च 1912 पासून दरमहा तीस रुपयांवर ते कामावर रुजू झाले. पुढील वर्षाच्या आरंभी केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र लिहिताना आपण पोर्ट ट्रस्टमधील कारकून आहोत, असाच परिचय त्यांनी करून दिला.

परभणीकरांना याहून जवळचे एक नाव आठवेल. सातोना येथे 1913 साली जन्मलेले कवी व कादंबरीकार बी. रघुनाथ यांनाही मॅट्रिकनंतर घरच्या परिस्थितीमुळे शिक्षण सोडून निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी पत्करावी लागली. त्या वेळी राज्यकारभाराची भाषा उर्दू होती; मराठी घरातील मुलाला कचेरीत निभाव लागण्यासाठी ती यावीच लागे. आजही या जिल्ह्यातील पुष्कळ मुलांना मराठीखेरीज हिंदी, उर्दू किंवा बंजारा समाजाची गोरमाटी सहज बोलता येते. बाजारपेठेत बसणाऱ्याला याचे मोल मोठे. तरी स्ववृत्तात ‘भाषा’ या शब्दापुढे मुले मराठी आणि इंग्रजी एवढेच लिहितात.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगता येतील. नाव व जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावर जशी आहे, तशीच लिहावी. एका अक्षराचा फरक पडला तरी पुढे प्रतिज्ञापत्र करीत बसावे लागते. शिक्षण लिहिताना शेवटची परीक्षा प्रथम द्यावी. टंकलेखन येत असल्यास मिनिटाला किती शब्द, हे सांगावे. शासकीय लिपिकाच्या जागेसाठी मराठीचा वेग तीस शब्दांचा मागतात. ज्यांची नावे ओळखीसाठी द्यावयाची, त्या मुख्याध्यापकांना किंवा गटाच्या अध्यक्षांना आधी विचारावे. नवख्या उमेदवाराला एक पान पुरे होते. लग्नाच्या स्थळासाठी जो बायोडेटा करतात, त्यातील रास, गोत्र व वर्ण यांचे येथे काहीच काम नाही. आधार क्रमांक आणि बँकेच्या खात्याचा क्रमांकही लिहू नये. नेमणूक झाल्यावर ते मागितले जातात. आणि स्ववृत्त स्वीकारण्यासाठी कोणी आधी पैसे मागू लागला, तर तेथे नोकरी नाही असे समजून परत फिरावे.

एकच स्ववृत्त सगळीकडे पाठवणे हाही आळसच होय. लिओनार्दो दा विंची याने 1482 च्या सुमारास मिलानच्या अधिपतीकडे आश्रय मागण्यासाठी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्या राजाला युद्धाची चिंता होती. म्हणून या जगद्विख्यात चित्रकाराने हलके पूल, तोफा आणि वेढ्याची यंत्रे यांविषयी आधी लिहिले व आपल्याला चित्रेही काढता येतात, हे अखेरीस सांगितले. आपल्या खेड्यातील मुलीने दुकानासाठी जमाखर्चाची ओळ वर घ्यावी. हीच मुलगी उद्या दवाखान्यात नोंदणीच्या कामासाठी गेली, तर आलेल्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलता येते, ही ओळ वर यावी. लिहून झाल्यावर तारीख घालून सही करावी आणि एक प्रत घरी ठेवावी. भेटीस बोलावणे आले की तिच्यातीलच एकेक ओळ काढून विचारणारा प्रश्न विचारतो, आणि तेव्हा वहीतील जमा व खर्च कसा जुळवला, हे तिला तोंडाने सांगता आले पाहिजे.