डबल आलेले चित्र

सप्टेंबर २०२२ मध्ये अर्जेंटिनाच्या व्यापार खात्याच्या सचिवांनी एक बैठक बोलावली होती. त्या वर्षी त्या देशातील महागाई शंभर टक्क्यांच्या घरात चालली होती. तेव्हा बैठक गव्हाच्या किंवा मांसाच्या भावाविषयी असेल असे कोणालाही वाटावे. पण विषय निराळाच होता. फुटबॉल विश्वचषकाच्या आल्बममध्ये चिकटवायची खेळाडूंची चित्रे बाजारातून नाहीशी झाली होती. एका बाजूला चित्रे छापणारी कंपनी, दुसऱ्या बाजूला टपरीवाल्यांची संघटना आणि मध्ये सरकार! वर्षानुवर्षे आम्ही ही चित्रे विकत आलो आणि आता माल मोठ्या दुकानांना व पेट्रोलपंपांना मिळतो, आम्हांला नाही, अशी टपरीवाल्यांची तक्रार होती.

ही बातमी वाचून मी हसलो होतो. पुढे वर्षभराने आतेभावाचा डबा पाहिला, आणि ते हसणे जरा घाईचे झाले असे वाटू लागले.

आतेभाऊ शारजात वाढला. जून २०२३ मध्ये आत्याचे बिऱ्हाड कायमचे कोल्हापूरला परत आले, तेव्हा सहावीतल्या या मुलाने कपड्यांपेक्षा जपून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला. त्यात २०२२ च्या कतार विश्वचषकाचा आल्बम होता. एकूण ६७० जागा. ३२ संघांना प्रत्येकी वीस आणि वरची तीस किरकोळ. त्यांपैकी ३१ जागा रिकाम्या होत्या. आल्बमखाली रबरबँड लावलेला दुसरा गठ्ठा होता. ती सगळी 'डबल' आलेली चित्रे, मोजून २२१. आल्या आल्या त्याने मला विचारले, "दादा, इथे कोणाकडे ट्युनिशिया असेल का रे?"

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. चित्रे सुटी मिळत नाहीत. बंद पाकीट घ्यायचे. कतारच्या वेळी एका पाकिटात पाच चित्रे असत. आत कोण आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. चित्राला क्रमांक असतो, आल्बममध्ये त्या क्रमांकाची चौकट असते, तिथे ते चिकटवायचे. मौज ही की, आल्बम छापतात स्पर्धेच्या कित्येक महिने आधी, संघ जाहीर होण्यापूर्वी. त्यामुळे प्रत्येक आल्बममध्ये स्पर्धेला न गेलेले काही खेळाडू ऐटीत उभे असतात, आणि प्रत्यक्ष मैदान गाजवणाऱ्या एखाद्याला जागाच नसते. त्याचे मुलांना काही वाटत नाही. त्यांचा सामना चौकटींशी असतो.

याचे मूळ सिगारेटच्या पाकिटात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पाकिटे मऊ कागदाची असत. सिगारेटी मोडू नयेत म्हणून आत जाड कागदाचा तुकडा घालीत. तो कोरा कशाला ठेवायचा, म्हणून त्यावर नट्या, जहाजे, सैनिक आणि खेळाडू आले. इंग्लंडातील विल्स कंपनीने १८९६ साली क्रिकेटपटूंची आणि १९०२ साली फुटबॉलपटूंची मालिका काढली. बापाने धूर काढायचा आणि मुलाने चित्र मागायचे, अशी सोय झाली. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, कागद टंचाईमुळे ही चित्रे थांबली; १९४० साली पुन्हा थांबली.

आजच्या आल्बमची गोष्ट मात्र इटलीतील मोडेना गावची आहे. पानिनी बंधूंची तिथे वर्तमानपत्रांची टपरी होती आणि पुढे वृत्तपत्रे वाटण्याची एजन्सी. १९६० साली मिलानच्या एका कंपनीची न खपलेली चित्रे त्यांच्या हाती लागली. त्यांनी ती दोन-दोन करून पाकिटात घातली आणि पाकीट दहा लिऱ्यांना विकले. तीस लाख पाकिटे खपली. जो माल पडून होता तोच हातोहात गेला. माझ्या मते ही करामत चित्राची कमी आणि बंद पाकिटाची जास्त. दुसऱ्याच वर्षी, १९६१ मध्ये, त्यांनी इटालियन लीगचा स्वतःचा आल्बम काढला आणि १९७० च्या मेक्सिको विश्वचषकापासून हे वेड सर्व देशांत गेले.

या धंद्यातले खरे अवघड काम छपाईचे नव्हते, मिसळण्याचे होते. चित्रे एका मोठ्या कागदावर ठरावीक क्रमाने छापतात. ती कापून तशीच भरली तर शेजारीशेजारी तेच ते खेळाडू निघायचे. म्हणून सुरुवातीला लोणी काढायच्या पिंपात चित्रे घालून ते फिरवीत, असे सांगतात. नंतर उंबेर्तो पानिनी हा भाऊ व्हेनेझुएलातून परत आला आणि त्याने चित्रे मिसळून पाकिटे भरणारे यंत्र बनवले. 'फिफिमॅटिक' हे त्याचे नाव. एका पाकिटात एकच चित्र दोनदा येऊ नये, ही काळजी यंत्र घेते. दोन निरनिराळ्या पाकिटांची हमी मात्र कोणी देत नाही, आणि तिथेच 'डबल' जन्माला येतो.

हा डबल किती महाग पडतो हे मला कळावे म्हणून आम्ही वसतिगृहात एक प्रयोग केला. आम्ही तिघे मित्र आणि आतेभाऊ, असे चौघे. वीस चिठ्ठ्यांवर एक ते वीस आकडे लिहिले, टोपीत टाकल्या. एक चिठ्ठी काढायची, आकडा टिपायचा, चिठ्ठी परत टाकायची. वीसही आकडे मिळेपर्यंत थांबायचे नाही. पहिले दहा आकडे भराभर मिळाले. मग टोपी जणू रुसली. मला एकूण ८३ वेळा हात घालावा लागला. बाकीच्यांना ६१, ७० आणि ९४ वेळा. चौऱ्याण्णववाला मित्र शेवटच्या एका 'सात'साठी तीसएक वेळा टोपी ढवळत होता आणि शेवटी त्याने टोपीच झाडून पाहिली.

गणितात याला ठरलेले उत्तर आहे. वीस चिठ्ठ्यांना सरासरी ७२ वेळा लागतात. तोच हिशेब ६७० चित्रांना लावला तर एकट्या माणसाला आल्बम भरायला सरासरी ४,७५० च्या आसपास चित्रे, म्हणजे सुमारे ९५० पाकिटे घ्यावी लागतील. त्यातली फसगत पाहण्यासारखी आहे. अर्धा आल्बम भरायला ९३ पाकिटे पुरतात. नव्वद-पंचाण्णव पाकिटांत मुलाला वाटते, आता आणखी तेवढीच. उरलेल्या अर्ध्याला साडेआठशे लागतात! शेवटच्या एका चित्राला सरासरी १३४ पाकिटे. कार्डिफ विद्यापीठातील प्राध्यापक पॉल हार्पर यांनी २०१८ च्या ६८२ चित्रांच्या आल्बमचा असाच हिशेब करून ९६७ पाकिटे आणि ७७३ पौंड खर्च सांगितला होता.

कंपनी मुद्दाम काही खेळाडू कमी छापते, असा संशय मुलांना सर्वत्र असतो. आतेभावाला तर खात्रीच होती. जिनिव्हातील दोन गणितज्ञांनी २०१० च्या आल्बमची पाकिटे विकत आणून हे तपासले. तसा पुरावा सापडला नाही. कमी छापायची गरजच काय? सगळी चित्रे सारखी छापली तरी टोपी आपले काम करते.

मग आल्बम भरतात तरी कसे? आम्ही प्रयोग पुन्हा केला. या वेळी चौघांनी आपले डबल एकमेकांना द्यायचे असे ठरवले. चौघांचे वीस-वीस आकडे १७६ वेळांत पुरे झाले. माणशी ४४! एकट्याने सरासरी ७७ लागले होते. आतेभावाच्या डब्याचेही तेच आहे. लावलेली ६३९ आणि डबल २२१, मिळून ८६० चित्रे; म्हणजे १७२ पाकिटे. एकट्याने एवढीच पाकिटे फोडली असती तर १८५ च्या आसपास जागा रिकाम्या राहिल्या असत्या. रिकाम्या होत्या ३१. मधली दीडशे-एक चित्रे शाळेच्या बसमध्ये, मधल्या सुट्टीत, इमारतीच्या जिन्यात मल्याळी, इजिप्शियन आणि पाकिस्तानी मुलांच्या हातून आली होती. कोणते चित्र कोणाकडून आले ते त्याला अजून सांगता येते.

म्हणून या छंदाला जिथे तिथे स्वतःची बोली आहे. इंग्रज मुले गठ्ठा चाळताना 'आहे, आहे, हवंय' या अर्थाचे तीन शब्द म्हणतात. इटालियन मुलांचेही तसेच आहे. ब्राझीलमध्ये चित्रे जमिनीवर पालथी ठेवून तळहाताने थाप मारतात. जी उलटतील ती आपली. साव पाउलोच्या कला संग्रहालयाखालच्या मोकळ्या जागेत विश्वचषकाच्या दिवसांत आजोबा, कारकून आणि शाळकरी पोरे एकमेकांचे गठ्ठे चाळत उभे असतात. आपल्याकडेही हे अगदीच परके नाही. १९८० च्या दशकात बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रे मिळत. माझे वडील आणि काका अजूनही एका फसलेल्या अदलाबदलीवरून कुरकुरतात.

अलीकडे या छंदाची जी वाढ झाली आहे ती मात्र निराळ्या अंगाने. चिकटवायचे स्टिकर वेगळे आणि जाड कार्ड वेगळे. कार्डाची परंपरा मुख्यतः अमेरिकेची, बेसबॉलची. टॉप्स या अमेरिकन कंपनीने २००७ पासून इंग्लंडात 'मॅच अटॅक्स' नावाची फुटबॉल कार्डे रुजवली. त्यांवर गुण असतात आणि खेळताही येते. इथवर ठीक. पण पुढे क्रमांक घातलेली, खेळाडूच्या सहीची, मुद्दाम मोजकीच छापलेली कार्डे आली. कार्ड तपासून एक ते दहा असा दर्जा देणारी आणि ते प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचे बंद करणारी एक कंपनी अमेरिकेत १९९१ पासून आहे. २०२० च्या टाळेबंदीत घरी बसलेल्या लोकांनी माळ्यावरचे खोके उघडले, आणि मार्च २०२१ मध्ये या कंपनीकडे इतकी कार्डे साचली की तिला बहुतेक नवे काम घेणे थांबवावे लागले. २०२२ साली पेलेचे १९५८ मधले एक स्वीडिश कार्ड १३ लाख ३० हजार डॉलरना विकले गेले.

पेले मोठाच, त्याबद्दल वाद नाही. पण अशा कार्डाची किंमत कशावर ठरते ते पाहा. कोपरे शाबूत हवेत, पाठीला गोंद नको, बोटांचा डाग नको. ज्या पोराने चित्र खिशात घालून हिंडवले, वहीत चिकटवले, मित्राला दाखवले, त्याच्या चित्राला बाजारात मान नाही. ज्याने हात लावला नाही तो श्रीमंत. पेटीतल्या कार्डाची अदलाबदल होत नाही. त्याचा सौदा होतो.

आणि कागदही सुटला तो संगणकावर. फुटबॉलच्या व्हिडिओ खेळांत खेळाडूंची पाकिटे पैसे देऊन फोडता येतात. बेल्जियमच्या जुगार नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये अशा पाकिटांना जुगार ठरवले आणि जानेवारी २०१९ मध्ये त्या खेळाच्या कंपनीला तिथे विक्री बंद करावी लागली. कागदाच्या पाकिटाला मात्र कोणी हात लावला नाही. तसे पाहिले तर दोन्हींत पैसे आधी आणि नशीब नंतर. कागदाच्या पाकिटाची बाजू घ्यायची तर माझ्याकडे एकच मुद्दा आहे: त्यातला डबल खिशात घालून शेजारच्याचे दार वाजवता येते. शेजारी मुलगाच नसेल तर तोही मुद्दा संपला.

आतेभावाचे नेमके हेच झाले होते. कोल्हापूरला फुटबॉलचे वेड काही कमी नाही. पेठापेठांतील तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर सामन्याला पाय ठेवायला जागा नसते, विश्वचषक आला की गल्लीत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे समोरासमोर लागतात. पण त्याच्या नव्या वर्गात कोणाकडे तो आल्बम नव्हता. कंपनी हवी ती पन्नासपर्यंत चित्रे मागणीप्रमाणे विकते, ती मागवू या, असे मी सुचवले. तो म्हणाला, "विकत घेतलं तर मग काय राहिलं, दादा?"

दिवाळीत आत्याच्या ओळखीचे एक गृहस्थ शारजाला चालले होते. त्यांच्याबरोबर त्याने साठ डबल आणि हव्या असलेल्या एकतीस क्रमांकांची यादी जुन्या बसमधल्या मित्राकडे पाठवली. जानेवारीत पाकीट आले. त्यात चौदा चित्रे होती. त्यांतली दोन त्याच्याकडे आधीच होती, पण ती त्याने गठ्ठ्यात न ठेवता कंपासपेटीत ठेवली आहेत. एकोणीस जागा अजून रिकाम्या आहेत. ट्युनिशियाच्या तीन.