ओढणें निराळें, पेलणें निराळें

ओढण्याचें बळ निराळें आणि पेलण्याचें निराळें. अमेरिकेंतील पिकअप ट्रकच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी असते. माणसें व सामान मिळून किती भार चालेल, हें तीवर छापलेलें असतें. समजा, ती मर्यादा ७०० किलो आहे. मागें ३,००० किलोंचा ट्रेलर जोडला, कीं त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग दांड्यावाटें ट्रकवरच टेकतो. १२ टक्के धरले तरी ३६० किलो तेथेंच सरले! चार माणसें बसल्यावर सामानाला कितीसें उरणार? अधिक भार सोसणारे टायर अवश्य घालावे, त्यांत पुरेशी हवा ठेवावी. नाहींतर ते तापून फुटतात. परंतु टायर बदलल्यानें पट्टीवरील आंकडा वाढत नाहीं. आंस, स्प्रिंगा व ब्रेक जुनेच राहतात.