बिनदुधाचा पॅनकेक, कोल्हापुरी साहित्यातून

पॅनकेक म्हणजे पीठ, द्रव आणि फुगवणारा घटक यांचे दाटसर मिश्रण तव्यावर ओतून भाजलेली जाड, मऊ, जाळीदार चकती. युरोप-अमेरिकेत रूढ झालेल्या कृतीत त्यात गाईचे दूध किंवा ताक, लोणी आणि अंडे पडते. महाराष्ट्रात मात्र तव्यावरच्या अशा पदार्थांचे दुधावाचून कधी अडले नाही. कोकणातले घावन तांदळाचे पीठ, पाणी आणि मीठ एवढ्यावर होते. आंबोळीचे पीठ तांदूळ आणि उडीद भिजवून, वाटून, रात्रभर आंबवलेले असते. खापरोळी तर नारळाच्या गोड रसात बुडवूनच खातात. घाटावरचे गुळाचे धिरडे कणीक, गुळाचे पाणी आणि वेलची यांवर होते. धिरड्याला पॅनकेकची जाडी आणि हलकेपणा द्यायचा, एवढेच काम उरते. त्यासाठी लागणारे वनस्पतिजन्य दूध महागड्या आयात खोक्यांतून आणण्याची गरज नाही. शेंगदाणे, सोयाबीन, काजू आणि गूळ या चारही वस्तू कोल्हापूर जिल्ह्यातच पिकतात किंवा तयार होतात, आणि नारळ घाट चढून कोकणातून येतो.

कोल्हापूर हा दुधाचा मुलूख आहे. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून फेसाळते धारोष्ण दूध दिले जाते. १९६३ साली स्थापन झालेला ‘गोकुळ’ दूध संघ गावोगावी पोहोचलेला आहे. अशा ठिकाणी दूध न चालणाऱ्या माणसाला घरात आणि पाहुण्यांकडे फार समजावत बसावे लागते. म्हणून त्यामागची कारणे नीट वेगळी ओळखायला हवीत. लहानपणी दुधातली लॅक्टोज ही साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर शरीरात भरपूर असते, वाढत्या वयात अनेकांमध्ये ते कमी होते. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांची ही क्षमता घटलेली असते. त्यांना दुधाने पोट फुगणे, मुरडा, जुलाब होतात. दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी ही याहून वेगळी आणि गंभीर गोष्ट आहे. तिच्यात अगदी थोडे दूधही धोक्याचे ठरू शकते. तिसरा गट प्राणिजन्य पदार्थ तत्त्व म्हणून सोडलेल्यांचा. लॅक्टोज न पचणाऱ्या माणसाला साजूक तूप बहुधा बाधत नाही, पण ॲलर्जी असलेल्याच्या पॅनकेकला तुपाचा हातही लागता कामा नये, कारण तुपात दुधाच्या प्रथिनाचा अंश राहू शकतो.

पॅनकेकमध्ये दूध चार कामे करते. त्यातल्या पाण्याने पीठ भिजते, स्निग्धांशाने चकती मऊ राहते, प्रथिनांनी तिला बांधणी मिळते आणि लॅक्टोज व प्रथिने मिळून तव्यावर तांबूस रंग धरतात. ताक वापरले तर त्यातले आम्ल सोड्याशी मिळून वायू तयार करते. दुधाऐवजी नुसते पाणी घातले तर पॅनकेक होतो, पण फिकट आणि कोरडा. वनस्पतिजन्य दूध निवडताना यातले कोणते काम ते करते आणि कोणते नाही, हे पाहावे. उरलेले काम तेल, गूळ किंवा लिंबू भरून काढतात.

शेंगदाण्याचे दूध कोल्हापूरकरासाठी सर्वांत सोपे आणि स्वस्त. एक वाटी कच्चे शेंगदाणे सहा-सात तास भिजवून, चोळून साले काढावीत. मग चार वाट्या पाणी थोडे थोडे घालत मिक्सरमध्ये अगदी बारीक वाटावे, पातळ सुती फडक्यातून गाळावे आणि मंद आचेवर ढवळत दहा मिनिटे उकळावे. उकळल्याने कच्चा वास जातो. दाण्याचे तेल दुधात उतरलेले असते, त्यामुळे पॅनकेक खुसखुशीत न होता मऊ होतो. फडक्यात उरलेला चोथा फेकू नये. थालिपिठाच्या पिठात किंवा भाजीच्या रश्श्यात तो उत्तम जिरतो.

सोयाबीनचे दूध प्रथिनांच्या बाबतीत गाईच्या दुधाच्या सर्वांत जवळ जाते, म्हणून पॅनकेकची बांधणी त्यात चांगली येते. शिरोळ, हातकणंगले, कागल या पट्ट्यात सोयाबीन भरपूर होते, पण ते बहुतेक तेलगिरणीकडे जाते, स्वयंपाकघरात फार थोडे येते. त्याचे मुख्य कारण उग्र, कडधान्यासारखा वास. दाणे थंड पाण्यात वाटले की त्यातले एक विकर तेलावर काम करून हा वास तयार करते. भिजवलेले, साले काढलेले दाणे उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवून मग गरम पाण्यातच वाटले, तर ते विकर निकामी होते आणि वास बराच कमी होतो. एक वाटी दाण्यांना सहा वाट्या पाणी पुरते. गाळल्यावर दूध पंधरा-वीस मिनिटे उकळणे मात्र टाळता येत नाही, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक असतात आणि ते उष्णतेनेच नष्ट होतात. हे दूध पटकन उतू जाते, म्हणून मोठे पातेले घ्यावे.

नारळाचे दूध कोणाला शिकवावे लागत नाही. खोवलेला नारळ कोमट पाण्यात वाटून पिळला की पहिले दाट दूध निघते, त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरे पातळ. पॅनकेकसाठी दुसरे दूध वापरावे, किंवा पहिल्यात तितकेच पाणी मिसळावे, आणि कृतीतले तेल वगळावे. त्यात स्निग्धांश भरपूर आणि प्रथिने कमी असतात. दाट दूध तसेच वापरले तर चकती तेलकट होते आणि उलटताना मोडते. काजूचे दूध आजरा-चंदगडकडच्या काजूचे करता येते. अर्धी वाटी तुकडा काजू भिजवून दोन वाट्या पाण्यात वाटले की गाळण्याचीही गरज नाही. चवीला ते सर्वांत सौम्य, खर्चाला जास्त. ओट्सचे दूध जास्त वेळ वाटले तर चिकट होते, तेव्हा ओट्स वापरायचेच तर थंड पाण्यात अर्धा मिनिट वाटणे पुरे.

विकत घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार सोया किंवा बदामाच्या पेयाला दूध म्हणून विकता येत नाही, नारळाच्या दुधाला मात्र सूट आहे. त्यामुळे खोक्यावर ‘पेय’ किंवा ‘ड्रिंक’ असे लिहिलेले असते. उलट दुकानात बाटलीत मिळणारे ‘बदाम दूध’ हे बहुधा गाई-म्हशीच्या दुधात बदाम आणि साखर घालून केलेले असते. नाव पाहून फसू नये, घटकांची यादी वाचावी.

आता कृती. १२० ग्रॅम कणीक, म्हणजे २४० मिलिलिटरचा एक कप, चाळून घ्यावी. तिच्यात दोन छोटे चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि वेलची पूड मिसळावी. दुसऱ्या भांड्यात एक कप थंड वनस्पतिजन्य दूध, किसलेला गूळ दोन मोठे चमचे, एक मोठा चमचा शेंगदाणा तेल आणि कुस्करलेले अर्धे पिकलेले केळे एकत्र करावे. अंड्याची बांधणी केळे देते. केळ्याची चव नको असेल तर एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवून घालावी. ओले मिश्रण कोरड्यात ओतून चमच्याने पंधरा-वीस वेळाच हलवावे. थोड्या गुठळ्या राहिल्या तरी चालतात. कणकेतले ग्लुटेन जितके घुसळावे तितके चिवट होते, आणि पॅनकेक बिघडण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. मिश्रण पळीतून जाड धारेने पडावे इतके दाट हवे. कणीक पाणी पिते, म्हणून पाच मिनिटांनी पाहून लागल्यास चमचाभर दूध वाढवावे. एवढ्यात हाताच्या पंज्यापेक्षा लहान सात-आठ चकत्या होतात.

गूळ दुधात थंड असतानाच विरघळवावा. गुळाच्या चहात दूध घालून उकळले की फुटते हे कोल्हापुरात सर्वांना ठाऊक आहे, आणि सोयाचे दूधही गरम असताना तसेच फुटू शकते. गुळाचा उपयोग गोडीपुरता नाही. त्यातल्या ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साखरा दुधातल्या लॅक्टोजचे रंग धरण्याचे काम करतात. त्यामुळे बिनदुधाच्या पॅनकेकचा फिकटपणा गुळाने जातो, साध्या साखरेने तितका जात नाही. बेकिंग पावडर नसेल तर पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस घ्यावा. रस दुधात आधी घालावा. सोयाचे दूध त्याने दाटसर होते आणि ताकासारखे वागते. सोडा मात्र शेवटी, पिठातून.

आंबोळीची सवय असलेल्या हाताला पीठ ठेवून देण्याची ओढ असते. इथे ती सवय सोडावी. आंबोळीत जिवाणू रात्रभर वायू तयार करत राहतात, बेकिंग पावडरचा वायू मात्र थोड्या वेळात निघून जातो. कालवलेले पीठ अर्ध्या तासात तव्यावर पडले पाहिजे.

बिडाचा तवा मध्यम आचेवर नीट तापू द्यावा. पाण्याचा थेंब पडताच नाचून उडाला की तवा तयार. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवावा, म्हणजे तेलाचा पातळ थर बसतो. मग आच मंद करून पळीभर पीठ मधोमध ओतावे आणि पसरू नये. दीड-दोन मिनिटांत वर बुडबुडे येतात. ते फुटून भोके तशीच उघडी राहिली आणि कडा कोरड्या दिसल्या की उलथण्याने एकदाच उलटावे. वरून दाबू नये, आतली हवा जाते. दुसरी बाजू मिनिटभरात होते.

कणकेचा तिसरा हिस्सा काढून तितके आजरा घनसाळ तांदळाचे पीठ घातले तर कडा कुरकुरीत होतात आणि त्या तांदळाचा वास टिकतो. राधानगरी-गगनबावड्याकडची नाचणी चाळीस टक्क्यांपर्यंत चालते. तिच्यात ग्लुटेन नसल्याने केळे किंवा जवस वगळू नये. मिठाचा प्रकार हवा असेल तर गूळ काढून कांदा, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालावी.

वर घालायला काकवी हवी. उसाचा रस आटून गूळ होण्याच्या आधीचा हा दाट पाक मेपल सिरपची जागा सहज घेतो, आणि चव जास्त भरीव असते. गुऱ्हाळे साधारण दिवाळीच्या सुमारास पेटतात, तेव्हा नवी काकवी मिळते. याच गुळाच्या व्यापारासाठी राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी पेठ वसवली होती आणि कोल्हापुरी गुळाला पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले. काकवीवर भाजलेल्या दाण्याचे भरड कूट पेरले की लोण्याची उणीव भासत नाही.

घरचे वनस्पतिजन्य दूध फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, नारळाचे एकच दिवस. भाजलेले पॅनकेक दोन दिवस राहतात, तव्यावर गरम करावेत. पोषणाच्या दृष्टीने मात्र सर्व दुधे सारखी नाहीत. घरी केलेल्या वनस्पतिजन्य दुधात कॅल्शियम फारच थोडे असते आणि बी-१२ जीवनसत्त्व नसते. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. १०० ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास भरते, म्हणून दूध पूर्ण सोडलेल्यांनी नाचणीचा प्रकार नेहमीचा करावा आणि बी-१२ साठी डॉक्टरांना विचारावे. एक वर्षाखालील बाळाला आईच्या दुधाऐवजी यातले कोणतेही दूध देऊ नये. शेंगदाणा, सोया आणि काजू यांचीही ॲलर्जी असू शकते, तेव्हा पाहुण्यांना वाढण्यापूर्वी विचारून घ्यावे.