दोनशे मीटर, चौदा सेकंद

जखमी सशाचा टाहो कानावर पडला की भुकेला कायोटी फार वेळ विचार करत नाही. तो निघतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या माळांवर सेजच्या झुडपांतून ताशी ५० किलोमीटरने धावणं त्याला जड जात नाही. जिवावर बेतलं तर तो ६० च्याही पुढे जातो. ताशी ५० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. दोनशे मीटरवरच्या झुडपातून उसळलेला कायोटी चौदा-पंधरा सेकंदांत शिकाऱ्याच्या बुटांपाशी पोचू शकतो. तेवढ्या अवधीत शिकाऱ्याला तो दिसायला हवा, तो कायोटीच आहे याची खात्री व्हायला हवी, रायफल वळायला हवी, जनावराच्या पाठीमागे काय आहे हे कळायला हवं आणि मग नेम. हे सगळं त्या चौदा सेकंदांत करू पाहणारा शिकारी गोळी चुकवतो किंवा, त्याहून वाईट, जनावर जखमी करून सोडतो. धावून येणाऱ्या कायोटीचा प्रश्न सुटतो तो कायोटी दिसण्याआधी. एकदा तो दिसला की करण्यासारखं फार थोडं उरतं, आणि ते थोडंच नीट करायचं असतं.

कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा अमेरिकी भाऊबंद. कोल्ह्यापेक्षा थोडा थोराड, लांडग्यापेक्षा बराच लहान. पश्चिमेकडच्या प्रौढ जनावराचं वजन साधारण १० ते १५ किलो भरतं. थॉमस से या निसर्गअभ्यासकाने १८२३ मध्ये त्याला ‘कॅनिस लॅट्रन्स’ हे शास्त्रीय नाव दिलं, तेव्हा तो मुख्यतः मध्य आणि पश्चिम अमेरिकेच्या गवताळ, रुक्ष मुलखात राहत होता. पुढे माणसाने लांडगे संपवत नेले, जंगलं तोडून शेतं केली आणि मोकळ्या झालेल्या मुलखात कायोटी शिरला. आज हवाई सोडलं तर अमेरिकेचं एकही राज्य त्याच्यावाचून नाही. उत्तरेला अलास्का, दक्षिणेला पनामा इथपर्यंत त्याची मजल आहे. मेंढ्या पाळणाऱ्याच्या लेखी तो कोकरं नेणारा चोर. त्यामुळे पश्चिमेकडच्या बऱ्याच राज्यांत त्याच्या शिकारीला वर्षभर मुभा आहे.

त्याला आवाज काढून बोलावण्याची विद्या जुनी, पण तिचा धंदा झाला विसाव्या शतकाच्या मध्यात. टेक्सासमधल्या मार्बल फॉल्स गावच्या मरी आणि विन्स्टन या बर्नहॅम बंधूंनी सशाच्या आक्रोशाची नक्कल करणाऱ्या तोंडाने फुंकायच्या पिपाण्या विकायला सुरुवात केली. त्याच राज्यातल्या वेको शहरच्या जॉनी स्टुअर्टने खऱ्या प्राण्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांच्या तबकड्या शिकाऱ्यांच्या हाती दिल्या. आता खिशातल्या रिमोटवर चालणारा कॉलर मिळतो. त्यात ससा, उंदीर, पक्षी, कायोटीचं पिल्लू, कायोटीची आरोळी असे शेकडो आवाज साठवलेले असतात. काही राज्यांत असा विजेवरचा कॉलर वापरायला मनाई आहे, म्हणून पिपाणी अजून मोडीत निघालेली नाही. आणि जवळ आलेल्या जनावरासाठी तिच्याइतकं हातातलं दुसरं साधन नाही.

आवाजाने जनावर ओढून आणणं आपल्याकडेही अनोळखी नाही. फासेपारधी तित्तिराची साद हुबेहूब घालतात. जिम कॉर्बेटने १९३८ च्या नोव्हेंबरअखेर कुमाऊंमधल्या ठाकच्या नरभक्षक वाघिणीला नर वाघासारखी हाक देऊन बोलावलं. ती अंधार पडता पडता अगदी जवळ आली आणि तिथेच तिचा शेवट झाला. बोलावलेलं जनावर थेट बोलावणाऱ्यावर चालून येतं, कारण त्याच्या कानांनी शोधलेली जागा हीच असते. सादेच्या शिकारीचं वेगळेपण इथे आहे. दबा धरून बसलेल्या शिकाऱ्याकडे जनावराचं लक्ष नसतं. इथे ते नेमकं तुमच्याकडे बघत येत असतं.

म्हणून बैठक निवडणं हे अर्ध्याहून अधिक काम. कायोटी आवाजाकडे सरळ धावला तरी शेवटच्या टप्प्यात बहुधा वाऱ्याच्या खालच्या अंगाला वळसा घालतो. त्याला वास घेऊन खात्री करायची असते. शिकाऱ्याने वारा तोंडावर किंवा एका बाजूने घेऊन बसावं आणि खालच्या अंगाला मोकळी जागा ठेवावी, म्हणजे वळसा घालणारा कायोटी वास मिळण्याआधी नजरेत येतो. सूर्य पाठीशी, झुडूप पाठीशी, समोर फार उंच गवत नको. कॉलर स्वतःपासून ३०-४० मीटर दूर, आडव्या अंगाला ठेवला की धावत येणाऱ्याची नजर तिकडे खिळते आणि रायफल वळवताना होणारी हालचाल त्याच्या नजरेच्या कडेला राहते.

बसण्याच्या रोखातही मेख आहे. उजव्या हाताने बंदूक चालवणारा माणूस जमिनीवर बसला की त्याची रायफल डावीकडे सहज फिरते, उजवीकडे लगेच अडते. म्हणून कायोटी जिकडून यायची शक्यता जास्त, त्या दिशेच्या थोडं उजवीकडे अंग वळवून बसावं आणि वाऱ्याची खालची बाजू डाव्या हाताला येईल असं बघावं. रायफल मांडीवर ठेवायची नाही. ती आधारकाठ्यांवर किंवा तिकाटण्यावर, दस्ता खांद्याशी लागलेला, सेफ्टी लावलेली अशी पहिल्या फुंकरीआधीच तयार हवी. पहिला आवाज हळूच काढायचा. कायोटी कधी कधी शंभर मीटरच्या आत झोपलेला असतो, आणि सगळ्यात वेगाने येतो तो हाच.

दुर्बिणीचं गणित अनेकांचा घात करतं. साधारण ३ ते ९ पट मोठं दाखवणाऱ्या स्कोपमधून १०० मीटरवर ३ पटीत सुमारे ११ मीटर रुंदीचा देखावा दिसतो; ९ पटीत जेमतेम ४ मीटर. कायोटी २५ मीटरवर आला की ९ पटीतला देखावा एक मीटरवर येतो, म्हणजे काचेत नुसते करडे केस भरून राहतात. पुढचा भाग कुठला, मागचा कुठला, काही कळत नाही. लांबचा नेम साधण्याच्या मोहाने स्कोप वरच्या पटीवर ठेवून बसणं मला सरळ चूक वाटते. लांबचा कायोटी थांबून बघत असतो, तेव्हा पट वाढवायला वेळ मिळतो. धावून येणारा कमी करायला वेळ देत नाही. बसताना स्कोप सर्वांत खालच्या पटीवर, हा नियम पाळावा.

आता तो आला. शरद ऋतूत, ऑक्टोबर-नोव्हेंबरात असे धावून येणारे जास्त भेटतात. वसंतात जन्मलेली पिल्लं तेव्हा आईबापांपासून सुटलेली, उपाशी आणि माणसाच्या लबाडीशी अपरिचित असतात. दोघं-तिघं एकत्र असली तर एकमेकांच्या आधी पोचण्याची चढाओढ लागते. पुढे जानेवारी-फेब्रुवारीत, माजाच्या दिवसांत, प्रौढ जोडी आरोळीला उत्तर देते, पण बहुधा सावधपणे येते.

धावणारं जनावर दिसताक्षणी शिकाऱ्याचा हात कॉलरचा आवाज वाढवायला जातो. गरज नसते. तो येतोच आहे. आवाज तसाच चालू द्यावा किंवा हळूहळू उतरवावा. रायफल फार वळवायची असेल तर त्याचं डोकं झुडपाआड किंवा ओघळीत गेलं की वळवावी. मोकळ्यावर असेल तर हालचाल एकसंध आणि धीमी ठेवावी. झटका मात्र त्याला हमखास दिसतो. नळी त्याच्या मागे पळवत न्यायची नाही. तो जिथून जाणार ती मोकळी फट आधीच हेरून नळी तिथे नेऊन थांबवायची.

मग त्याला थांबवायचं. तोंडाने काढलेली एकच तुटक भुंक, पुचकारल्यासारखा ओठांचा आवाज किंवा पिपाणीतली छोटी चिरक, यांपैकी काहीही चालतं. कायोटी कान टवकारून थबकतो, अंग बहुधा थोडं तिरपं होतं, छाती किंवा खांद्यामागची जागा उघडी पडते. हे थबकणं एक-दोन सेकंदांचंच, म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी स्कोपमधली फुली छातीवर, बोट चापाशी, मग भुंक. आधी भुंकून मग स्कोपमध्ये डोळा घालणाऱ्याला पळणारी शेपटी दिसते. भुंक केव्हा, हाही विवेकाचाच भाग. शंभर-दीडशे मीटरवर उगाच थांबवलं तर तो शंकेने बाजूला सरकतो. अगदी दहा मीटरवर थांबवलं तर तो थांबत नाही, उलटा वळतो. ५० ते ८० मीटरच्या पट्ट्यात, मोकळ्या जागी, मागे मातीचा उतार असेल तिथे थांबवणं मला सर्वांत सुरक्षित वाटतं. पहिल्या भुंकेला थांबला नाही तर दुसरी जरा मोठ्याने. तिसरीचा सहसा उपयोग नसतो.

आणि थांबलाच नाही तर? सरळ अंगावर येत असेल तर बाजूचा अंदाज धरण्याची गरज नाही; फुली छातीवर धरून ठेवायची. स्कोप नळीच्या वर चारेक सेंटीमीटर असतो, त्यामुळे २०० मीटरवर साधलेल्या रायफलीची गोळी १० मीटरवर फुलीच्या साधारण ३ सेंटीमीटर खाली लागते. छातीवर त्याने फरक पडत नाही. आडवा पळत असेल तर गोष्ट वेगळी. .२२-२५० सारख्या झपाट्याच्या काडतुसाची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ११०० मीटर वेगाने सुटते. तरी १०० मीटर जायला तिला सेकंदाचा जवळपास दहावा भाग लागतो आणि तेवढ्यात ताशी ५० ने पळणारा कायोटी सव्वा मीटरहून अधिक पुढे गेलेला असतो. त्याच्या अंगाची, शेपटी सोडून, लांबी एवढीही नसते. नाकाच्या टोकावर नेम धरणाऱ्याची गोळी त्याच्या मागून जाते. २० मीटरवर हेच अंतर जेमतेम वीतभर राहतं, मात्र तिथे नळी फिरवायचा वेग साधत नाही. रायफलीने पळत्या जनावरावर झाडणं ज्याने पळत्या लक्ष्यावर भरपूर सराव केला आहे त्यालाच शोभतं. इतरांनी चाप सोडून द्यावा. दाट झुडपांच्या मुलखात जाणती मंडळी दोघांनी बसतात, एकाकडे रायफल, दुसऱ्याकडे जाड छर्ऱ्यांची शॉटगन. ४० मीटरच्या आतलं दुसऱ्याचं, बाहेरचं पहिल्याचं, हे आधीच ठरलेलं असतं.

दोघं बसले की धोकाही वाढतो. धावता कायोटी दोघांच्या मधून निघतो आणि नळी त्याच्यामागे फिरत फिरत जोडीदारावर येते. म्हणून दोघांनी पाठीला पाठ किंवा खांद्याला खांदा लावून बसावं आणि कुठल्या खुणेच्या झाडापलीकडे कोणी झाडायचं नाही हे बोलून घ्यावं. सशाचा टाहो कायोटीखेरीज बॉबकॅटला, डोंगरी सिंहाला, कुरणावरच्या राखणीच्या कुत्र्याला आणि कधी दुसऱ्या शिकाऱ्यालाही ओढून आणतो. उत्तर कॅरोलायनाच्या पूर्व टोकाला लाल लांडगे उरले आहेत, जगातल्या अत्यंत दुर्मिळ श्वानवंशीयांपैकी एक. ते कायोटी समजून मारले जात असल्यामुळे २०१४ मध्ये तिथल्या पाच काउंट्यांतल्या कायोटीच्या शिकारीवर न्यायालयाच्या आदेशाने बंधनं आली. दिवसाउजेडी उभा असलेला प्राणी ओळखतानाही गफलत होते, तिथे धावत्याची काय कथा. ओळख पटली नाही तर गोळी नाही, एवढं साधं आहे.

या शिकारीबद्दल अमेरिकेत मतभेद टोकाचे आहेत आणि मला दोन्ही बाजू समजतात. कोकरांचे सांगाडे उचलणाऱ्या मेंढपाळाचं दुःख खरं आहे. पण कायोटी नुसत्या मारण्याने कमी होत नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या १९७५ च्या एका अभ्यासाचा हिशेब असा होता की दरवर्षी ७५ टक्के कायोटी मारले तरी त्यांची संख्या संपायला ५० वर्षांहून अधिक काळ लागेल. संख्या घटली की उरलेल्या माद्यांची अधिक पिल्लं जगतात. सर्वाधिक कायोटी मारणाऱ्याला बक्षीस देणाऱ्या स्पर्धांना कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये आळा घातला, व्हरमाँटने २०१८ मध्ये, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनाने २०१९ मध्ये. मला ते योग्य वाटतं. मोजणीची घाई आली की न ओळखता, न थांबवता झाडलेल्या गोळ्या वाढतात.

गोळी लागल्यावर लगेच उठू नये. जोडीतला दुसरा बहुधा शंभरेक मीटरवर थांबून मागे वळून बघत असतो. पिल्लाच्या कळवळण्याचा आवाज लावला तर तो पुष्कळदा परततो. रायफल पुन्हा भरून, सेफ्टी लावून दहा मिनिटं बसावं. मग पडलेल्याकडे मागच्या बाजूने, त्याचे डोळे बघत जावं. डोळे मिटलेले असतील तर तो जिवंत असू शकतो. जखमी होऊन निसटला असेल तर गोळी लागली त्या जागी खुणेची चिंधी बांधावी आणि रक्ताचा, केसांचा, उडालेल्या मातीचा माग तिथून काढावा. नवी बैठक त्यानंतर, दुसऱ्या खोऱ्यात.