गनमधलं कार्ड आणि गोदामातली रेंज

गोदामात बारकोड वाचायची जी गन असते, ती मुळात मूठ लावलेला एक छोटा कॉम्प्युटर. स्क्रीन, कीपॅड, बॅटरी, रेडिओ, मेमरी, सगळं तिच्यात असतं. सिम्बॉलची एमसी ९०९० ही गन भिवंडीत बरीच वर्षं चालली. तिचं मेमरी कार्ड कुठं बसतं, हे बाहेरून दिसतच नाही. आधी बॅटरी काढायची, मग कीपॅडचे दोन बारके स्क्रू सोडवायचे आणि कीपॅड सरकवून अलगद उचलायचं. त्याखाली एसडी कार्डाची जागा सापडते. इतकं लपवून ठेवण्यामागे कारण आहे. ही गन काँक्रीटवर आपटणार, दिवसभर धूळ खाणार. बाहेर फट ठेवली तर घाण पहिल्यांदा तिथूनच आत शिरणार. भिवंडीत तर नुसती धूळही नाही. ज्या गोदामांच्या शेजारी अजून यंत्रमाग चालतात, तिथं हवेत रुईची तुसं उडत असतात. कीपॅड उचललं की आतल्या रबराच्या कडेला करड्या तुसांची वळकटी जमलेली दिसते. मी ती आधी ब्रशनं काढतो, मगच कार्डाला हात लावतो. कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर तुसं बसली की गनला ते कार्ड कधी दिसतं, कधी दिसत नाही. पूर्ण बंद पडलेल्या कार्डापेक्षा असं अधूनमधून चालणारं कार्ड जास्त नुकसान करतं, कारण त्याच्यावर सगळे विश्वास ठेवून बसलेले असतात.

पूर्णा, वळ, दापोडा, काल्हेर या पट्ट्यातल्या गोदामांत गनची मेमरी वाढवणं आणि वायरलेस बसवणं हेच माझं काम. खरेदी खात्यातली माणसं या दोन गोष्टींची कोटेशनं वेगवेगळी मागवतात. कार्डाचं एक, वायरलेसचं दुसरं. माझ्या लेखी हे एकच काम आहे. गोदामातला वायरलेस कधी ना कधी जाणारच, आणि तो गेला की तेवढ्या वेळाचा हिशेब कार्डानं सांभाळायचा असतो. एक वाढवून दुसरं तसंच ठेवलं तर पैसे फुकट जातात.

इथं इतकी गोदामं का झाली, ते भिवंडीकरांना सांगायला नको. मुंबई महापालिकेची जकात जीएसटी येईपर्यंत, म्हणजे २०१७ च्या मध्यापर्यंत चालू होती. माल हद्दीबाहेर उतरवून ठेवायचा आणि लागेल तसा शहरात न्यायचा, हे व्यापाऱ्याला परवडायचं. कशेळीची खाडी ओलांडली की ग्रामपंचायतींची मोकळी जमीन होती, मुंबई-नाशिक महामार्ग शेजारी होता. भातशेतीच्या जागी गाळ्याला गाळा लागून पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. पुढं ई-कॉमर्सवाल्यांनी त्याच पट्ट्यात उंच रॅकची मोठी गोदामं घेतली. पण माझे बहुतेक किस्से आधीच्या गाळ्यांमधले आहेत.

सुरुवातीच्या गनांमध्ये एक गोष्ट जिवावर बेतणारी होती. विंडोज सीईवर चालणारी त्या काळची बहुतेक यंत्रं माहिती रॅममध्ये ठेवायची. रॅमला सतत वीज लागते. बॅटरी पूर्ण उतरली, आतली छोटी राखीव बॅटरीही संपली, की यंत्र कारखान्यातून आलं तसं कोरं. २००० साली आलेल्या कॉम्पॅकच्या आयपॅक या हातातल्या कॉम्प्युटरमध्ये ३२ एमबी रॅम होती आणि कार्ड घालायला जागाच नव्हती. त्यासाठी पाठीवर वेगळं जॅकेट चढवावं लागे. त्या जॅकेटात कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसायचं, नाहीतर वायरलेसचं कार्ड. एका वेळी एकच. म्हणजे साठवण हवी की रेंज, हे आधी ठरवा! पुढं २००५ मध्ये विंडोज मोबाइल ५ आलं आणि माहिती कायमच्या मेमरीत राहू लागली. पण गोदामवाले चालती गन बदलत नाहीत. जुनी यंत्रं त्यानंतरही कितीतरी वर्षं हातात होती.

एका कापडाच्या गोदामात रात्रपाळीच्या पोरानं साड्यांच्या गाठी मोजल्या आणि सकाळी गन कोरी निघाली. सुपरवायझर म्हणाला, पोरगा झोपला होता. मला बोलावलं ते गन दुरुस्त करायला. पोरगा एका कोपऱ्यात उभा होता, मान खाली. मी गन चार्जिंगला लावली तेव्हा घड्याळ कारखान्यातली तारीख दाखवत होतं. घड्याळ मागं गेलं याचा अर्थ राखीव बॅटरीही संपली होती आणि रॅम पुसली गेली होती. सुपरवायझरला मी ती तारीख दाखवली. ‘‘याच्या हातून काही चुकलेलं नाही. मोजलेलं सगळं होतं, यंत्रानं ते सांभाळलं नाही.’’ त्या गोदामातल्या प्रत्येक गनमध्ये त्याच आठवड्यात कार्ड बसलं. प्रत्येक स्कॅन आधी कार्डावर लिहायचा, मग पुढं जायचं, अशी प्रोग्रॅममध्ये सोय करून घेतली. बसवण्याचे प्रोग्रॅमही कार्डावरच ठेवले, म्हणजे गन कोरी झाली तरी चालू होताना स्वतःला पुन्हा उभी करेल. आजही कुणी कार्डाला ‘एक्स्ट्रा खर्च’ म्हणालं की मला त्या पोराचा चेहरा आठवतो.

कार्ड घेणं ही सोपी गोष्ट वाटते, ती तशी नाही. जुन्या गनला २ जीबीपर्यंतचंच एसडी कार्ड कळतं. २००६ पासून आलेली ४ जीबी आणि त्यावरची कार्डं एसडीएचसी जातीची. आकार तोच, खाचेत बसतातही तशीच, पण जुन्या यंत्राला ती वाचताच येत नाहीत. हळूहळू बाजारात लहान कार्डं मिळेनाशी झाली आणि बनावट कार्डांचा सुळसुळाट झाला. वर छापलेलं २ जीबी, गनही २ जीबी दाखवणार, आणि आत मेमरी त्याच्या पाव. अशा कार्डाची जागा भरली की नवीन माहिती जुन्यावर लिहिली जाते किंवा कुठंच जात नाही, आणि चूक झाल्याचा निरोपही येत नाही. म्हणून कार्ड काठोकाठ भरायचं आणि पहिल्या बाइटपासून परत वाचून जुळवून पाहायचं, हा माझा नियम. वेळ जातो, पण या परीक्षेत नापास झालेलं कार्ड मी गोदामाच्या दारातही नेत नाही.

आता रेंजचं. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवान्यातून मोकळा झाला आणि नंतर भिवंडीत वायरलेसचे डबे छताला लागायला सुरुवात झाली. या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनल धरून चालायचं तर तीनच: १, ६ आणि ११. आणि डबा खोक्यातून निघतो तो बहुतेकदा ६ वर. गाळ्यांच्या ओळीत सहाच्या सहा शेठ सहाव्या चॅनलवर! मधे विटांची एक भिंत. सगळ्यांच्या गन एकमेकींवर बोलायच्या आणि प्रत्येकाला वाटायचं, आपलाच डबा खराब. एका ओळीत मी सगळ्या गाळेवाल्यांना एकाच टपरीवर चहाला बसवलं. तोवर रस्त्याच्या वादावरून त्यांची बोलाचाल बंद होती. सिगारेटच्या पाकिटाच्या मागं मी गाळे काढले आणि एक-सहा-अकरा, एक-सहा-अकरा असे आकडे टाकले. पाकीट हातोहात फिरलं. त्या दुपारी सगळ्यांची रेंज सुधारली, तीही एक रुपयाचं सामान न घेता.

पण खरी परीक्षा माल भरल्यावर. गोदाम नवं असताना सर्व्हे होतो, तेव्हा ते रिकामं असतं. पत्रा, काँक्रीट आणि मोकळी हवा. लहरी कुठूनही कुठंही पोचतात आणि कागदावर सगळं हिरवं दिसतं. दिवाळीच्या तोंडाशी तेच गोदाम तेलाच्या डब्यांनी, शांपूच्या खोक्यांनी आणि कापडाच्या गाठींनी छताला टेकतं. पाणी या लहरी पिऊन टाकतं, म्हणून द्रव मालाच्या रांगेत रेंज मरते. लोखंडी रॅक त्या परतवतात. वळमधल्या एका गोदामात अशीच तक्रार आली. लॅपटॉप घेऊन मी रांगांमधून फिरायला लागलो, तर माथाडी टोळीचे मुकादम म्हणाले, ‘‘साहेब, ते बंद करा. हे बघा.’’ आणि त्यांनी खांब दाखवला. कमरेच्या उंचीवर खडूनं फुली मारलेली. पुढच्या खांबावर गोल. फुली म्हणजे इथं गन अडकते, गोल म्हणजे इथं उभं राहिलं की जाते. टोळीतल्या पोरांनी सगळं गोदाम असं आखून ठेवलं होतं. कुठल्या रांगेत माल बदलला की कुठली फुली पुसायची, तेही त्यांना माहीत होतं. स्कॅन केल्यावर गोलापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं, हे त्यांनी कामाचाच भाग मानलं होतं. त्या चालण्याचे पैसे त्यांना कुणी देत नव्हतं.

मी लॅपटॉप मिटला आणि वहीत फुल्या उतरवून घेतल्या. नंतर छताच्या मधोमध लावलेले डबे काढून रांगांच्या तोंडाशी, रांगेच्या दिशेनं तोंड करून एकाच बाजूला फेकणाऱ्या अँटेना लावल्या. शेठचा आग्रह होता, पॉवर वाढवा. मी उलट कमी केली. छतावरचा डबा जोरात ओरडला तरी गनचा रेडिओ लहान बॅटरीवर चालतो, त्याचं उत्तर डब्यापर्यंत पोचायला हवं ना! शिवाय लांबच्या डब्याचा आवाज मोठा असला की गन त्यालाच धरून बसते, शेजारचा सोडून. डबे जास्त आणि आवाज हळू, हेच गोदामात चालतं. मुकादम पुढच्या आठवड्यात ओलं फडकं घेऊन स्वतः खांब पुसताना मी पाहिले.

एका ठिकाणी मात्र रेंज पूर्ण होती आणि तरी गन जोडल्या जात नव्हत्या. डॉकवर गेलो तर शटरशेजारी भिंतीवर मार्करनं वायफायचा पासवर्ड लिहिलेला. नंबर लागायची वाट बघत थांबलेले सगळे ट्रक ड्रायव्हर त्यावर पिक्चर बघत होते. राउटरकडं वाटायला अडीचशेच्या आसपास पत्ते असतात, ते फोननीच संपवले होते. ड्रायव्हरांचा यात काय दोष? रात्र रात्र ट्रकमध्ये काढायची तर काहीतरी हवंच. त्यांच्यासाठी वेगळं नेटवर्क काढून दिलं, गनसाठी वेगळं.

त्याच वेळी शेठला दुसरी गोष्ट समजावली. जुन्या गनना वेप नावाचं कुलूपच कळायचं, आणि ते २००१ मध्येच फुटलेलं होतं. अमेरिकेत टीजेएक्स या दुकानांच्या साखळीत घुसलेल्या चोरांना अशाच वेपवाल्या वायरलेसमधून वाट मिळाली, आणि २००७ मध्ये कंपनीनं जाहीर केलेला आकडा होता किमान साडेचार कोटी क्रेडिट-डेबिट कार्डांचा. शेठ ऐकून घेत होते. ‘‘आपल्याकडं कुठं कार्डं आहेत, नुसती खोकी तर आहेत,’’ ते म्हणाले. मी म्हटलं, कुठली खोकी कुठं आणि कधी निघणार, ते तर आहे. त्यांनी त्या गन बदलल्या.

३० जून २०१७ ची रात्र भिवंडीतला कुठलाही गोदामवाला विसरणार नाही. मध्यरात्री जीएसटी लागू होणार होता आणि शिल्लक साठ्यावर आधी भरलेल्या कराची वजावट हवी तर मोजणी पक्की हवी. सगळीकडं एकदम मोजणी. मी होतो त्या गोदामात पावसानं लाइट गेली, डबे बंद पडले, सर्व्हर यूपीएसवर कसाबसा. गन मात्र बॅटरीवर चालू. पोरांनी विचारलं, ‘‘दादा, थांबायचं का?’’ मी म्हटलं, मोजत राहा. स्कॅन कार्डावर उतरत होते.

अशा वेळी नोंदींचा क्रम घड्याळावरून लावायचा नसतो. नेटवर्क नसलं की गनांची घड्याळं जुळत नाहीत. म्हणून प्रत्येक गनचा नंबर आणि तिचा चढता अनुक्रमांक प्रत्येक नोंदीला जोडलेला होता. दुसरा नियम आम्ही ट्रान्सपोर्टवाल्यांच्या बिल्टीवरून घेतला होता. पोच सही होऊन परत आल्याशिवाय जसं ते माल पोचला असं धरत नाहीत, तसं सर्व्हरची पोच आल्याशिवाय कार्डावरची नोंद पुसायची नाही. आणि एकच नोंद दोनदा पोचली तरी सर्व्हरनं ती एकदाच धरायची. पहाटे लाइट आली. गन एकेक करून जोडल्या गेल्या आणि रात्रभराची मोजणी आपोआप वर चढली. एकही रांग परत मोजावी लागली नाही.

सिम्बॉल २००७ मध्ये मोटोरोलाकडं गेली, २०१४ मध्ये तो धंदा झेब्राकडं आला. जुन्या गोदामात एकाच टेबलावर तिन्ही नावांच्या गन चार्जिंगला लावलेल्या दिसायच्या. हातातल्या यंत्रांचं विंडोज जानेवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनं सांभाळणं थांबवलं आणि सगळे अँड्रॉइडवर आले. आता गनमध्ये ३२ जीबी आधीच असते, कीपॅड उघडावं लागत नाही. ऑक्टोबर २०१८ पासून ५ गिगाहर्ट्झचा पट्टा उघड्यावरही मोकळा झाल्यामुळं डॉकच्या बाहेर, ट्रकपाशीही चांगली रेंज देता येते. त्यामुळं विकणारे सांगतात, सगळं थेट सर्व्हरवर चालवा, गनमध्ये काही ठेवायची गरज नाही. हे मला अजिबात मान्य नाही. ३२ जीबी रिकामी ठेवून पोरांना खांबापाशी उभं करायचं, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

म्हणून काम सोपवायच्या दिवशी मी शेठकडून सही घेण्याआधी एक गोष्ट करतो. भर पिकिंगच्या वेळी, कुणालाही न सांगता, छतावरच्या सगळ्या डब्यांची लाइट बंद करतो आणि अर्धा तास थांबतो. परवा पडघ्याजवळच्या गोदामात असंच केलं. पोरं रांगांमधून फिरत होती, खोकी पट्ट्यावर येत होती. अर्ध्या तासानं सुपरवायझर मला शोधत आला. त्याला एवढंच विचारायचं होतं की वरच्या डब्यांचे हिरवे दिवे का दिसत नाहीत. शेठनं तिथंच, पॅलेटवर कागद ठेवून, सही केली.