पुढचा ब्रेक शिकवायचा कुणी?

मला गाडी शिकवली मामाने, गावाबाहेरच्या माळावर, मे महिन्याच्या सुट्टीत. क्लच हळू सोड, गाडी बंद पडली तर घाबरू नको, आणि मुख्य म्हणजे पुढच्या ब्रेकला हात लावू नको, तोंडावर आपटशील. तासाभरात मी चौथ्या गिअरला पोचलो आणि शिकवणी संपली. पुढची कितीतरी वर्षं मी मामाचा शब्द पाळला. गाडी थांबवायची ती पायानेच. मामाचं चुकलं होतं हे कळेपर्यंत मी दोनदा पडून झालो होतो.

चारचाकीसाठी आपण पैसे भरून ड्रायव्हिंग स्कूलला जातो. दुचाकीचे गुरुजी मात्र घरचेच असतात: काका, मामा, शेजारचा दादा. म्हणून आम्ही पाच-सहा जण आमच्या तालुक्याच्या गावी शाळेच्या मैदानावर रविवारी सकाळी दुचाकीचे वर्ग घेतो. असे वर्ग कुठेही घेता येतात. त्यात काय शिकवावं, काय शिकवू नये आणि लोकांना मैदानापर्यंत आणावं कसं, ते इथे सांगतो.

आकडे थोडक्यात

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांचा आकडा ५०,०२९. त्यातले १४,३३७ जण गाडी चालवतच नव्हते, मागे बसले होते.

आठचा आकडा

लायसनसाठी आरटीओच्या ट्रॅकवर इंग्रजी आठच्या आकारात गाडी फिरवावी लागते, पाय न टेकता. तोल आणि क्लचवरचा हात तपासायला ही परीक्षा ठीक आहे. पण वेगात असताना समोर म्हैस आली तर हा माणूस थांबेल का, हे तिच्यातून कळत नाही. जीव जातो तो मुख्यतः दोन कारणांनी: वेळेत थांबता आलं नाही, किंवा समोरच्याला आपण दिसलोच नाही. आठच्या आकड्यात या दोन्ही गोष्टी येत नाहीत.

अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरात सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. १९८१ साली त्यांचा अहवाल आला. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के चालक आपले आपण किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले निघाले. म्हणजे मामा तिथेही होतेच. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींत बहुतेकदा त्या वाहनाने दुचाकीचा रस्ता अडवला होता, आणि चालकांचं म्हणणं एकच, ‘मला गाडी दिसलीच नाही.’ ही नेहमीच सबब नसते. लहान वस्तू डोळ्यांना आहे त्यापेक्षा लांब आणि सावकाश येतेय असं वाटतं, आणि ट्रकशेजारी मोटरसायकल लहानच.

मैदानावरची सकाळ

सामान फारसं लागत नाही. फक्की, आठ-दहा प्लॅस्टिकच्या बाटल्या, मीटरची टेप, प्रथमोपचाराची पेटी. प्रत्येकाने स्वतःची गाडी आणि हेल्मेट आणायचं, लायसन दाखवायचं. हेल्मेट नसेल त्याने झाडाखाली बसून बघायचं; यात आम्ही सवलत देत नाही. एका वेळी दहा-बारांपेक्षा जास्त जण घेऊ नयेत, नाहीतर वर्गाची जत्रा होते.

मैदानावर फक्कीची एक रेघ आखतो. ताशी तीसच्या वेगाने यायचं आणि रेघ लागली की थांबायचं. पहिली फेरी नेहमीच्या सवयीने. बहुतेक जण पायाने ब्रेक दाबतात, मागचं चाक लॉक होतं, गाडी शेपूट हलवत घसरते, धुरळा उडतो, बाकीचे शिट्ट्या मारतात. गाडी थांबली तिथे बाटली ठेवायची. दुसरी फेरी दोन्ही ब्रेक लावून, हँडल सरळ ठेवून. पुन्हा बाटली. दोन बाटल्यांमधलं अंतर टेपने मोजून ज्याचं त्याला मोठ्याने वाचून दाखवायचं. आमचं व्याख्यान इथे संपतं.

कारण सोपं आहे. ब्रेक लागला की गाडीचं आणि आपलं वजन पुढे झुकतं. पुढचं चाक जमिनीला घट्ट दाबलं जातं, मागचं हलकं होतं. ज्या चाकावर वजन आहे तेच गाडी थांबवू शकतं. थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढच्या ब्रेकचं असतं. तोंडावर आपटतो तो तीन वेळा: लिव्हर झटक्याने आवळला, हँडल वळलेलं असताना आवळला, किंवा चाकाखाली खडी-वाळू होती. मामाचा अनुभव खोटा नव्हता, त्यावरून त्याने काढलेला नियम खोटा होता.

लिव्हर दाबायचा कसा, हे शब्दांत सांगणं अवघड जातं. आम्ही ‘हळूहळू वाढवत न्या’ म्हणायचो, आणि पोरं एकतर हळूच दाबायची किंवा एकदम. एकदा दूध घालायला निघालेला चाळिशीतला गडी किटल्यांसकट वर्गाला थांबला. दोन फेऱ्या मारून म्हणाला, “म्हणजे धार काढतो तसंच की. आधी सड नुसता धरायचा, मग दाबत न्यायचा. एकदम वढला तर म्हस लाथ घालती.” तेव्हापासून आम्ही तेच सांगतो. ज्यांनी धार काढलेली नाही त्यांच्यासाठी लिंबू पिळण्याचा दाखला आहे, पण तो तितका चपखल नाही.

नव्या गाड्यांची गोष्ट थोडी वेगळी. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. त्यात चाक लॉक होऊ लागलं की ब्रेक क्षणोक्षणी सुटतो आणि लागतो. १२५ पर्यंतच्या गाड्यांना निदान सीबीएस असतं, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. त्यामुळे वर्गाची सुरुवात ‘तुमच्या गाडीला यातलं काय आहे?’ या प्रश्नाने होते. निम्म्या जणांना उत्तर ठाऊक नसतं.

वेगाचा हिशेब

फळ्यावर एवढं एकच गणित मांडतो. ताशी ४० ने जाताना धोका दिसून हात हलेपर्यंत एक सेकंद धरला, तर गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते. मग कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक लावून आणखी सुमारे १० मीटर. एकूण २१. ताशी ६० ला हेच अंतर ४० मीटरच्या आसपास जातं. गंमत पुढे आहे. दोघांना एकाच जागी एकाच क्षणी म्हैस दिसली, तर ४० वाला जिथे थांबून उभा आहे, तिथून ६० वाला अजून ताशी ५० च्या वरच्या वेगाने निघून जातो. वीसच्या फरकाने काय होतंय, असं म्हणणारी पोरं इथे गप्प होतात.

जे शिकवू नये

२०१० साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी ठिकठिकाणचे दुचाकी-प्रशिक्षणाचे अभ्यास एकत्र ठेवून पाहिले. अमुक प्रशिक्षणाने अपघात कमी होतात, असं ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा त्यांना मिळाला नाही. वर्ग घेणाऱ्याला हे वाचून वाईट वाटतं, मलाही वाटलं. पण विचार केला तर पटतं. कसब वाढलं की धीटपणाही वाढतो. गाडी आडवी करून वळण घ्यायला शिकवलेला पोरगा दुसऱ्याच दिवशी घाटात ते करून बघणार. म्हणून आम्ही थांबणं, बघणं आणि दिसणं यांपलीकडे काही शिकवत नाही. वर्गानंतर प्रमाणपत्र देत नाही, आणि कुणाला ‘आता तू तयार झालास’ असंही म्हणत नाही.

‘बघणं’ शिकवायला डेपोतली उभी एसटी मागून आणावी. ड्रायव्हरच्या सीटवर एकेकाला बसवायचं आणि बाकीच्यांनी आपापल्या गाड्या घेऊन एसटीच्या डाव्या अंगाला, अगदी पुढच्या बंपरलगत आणि पाठीमागे उभं राहायचं. किती दिसतात ते मोज म्हणायचं. डावीकडून कट मारण्याबद्दल दहा भाषणांनी जे होत नाही, ते या दोन मिनिटांत होतं.

हेल्मेट

लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून ओळखला जाणारा टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडात मोटरसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी डोक्याच्या दुखापतीने गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे लष्करातल्या मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास करून १९४१ साली तो प्रसिद्ध केला. आजच्या हेल्मेटची कुळी तिथवर जाते. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, हे कॉक्रेननेच २००८ साली मांडलं. इथे पुराव्याबद्दल त्यांचा आवाज अजिबात चाचरत नाही.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही हेल्मेट सक्तीचं करतं. पगडी बांधणाऱ्या शिखांना सूट आहे. तरी १ जानेवारी २०१९ पासून पुण्यात कारवाई कडक झाली तेव्हा विरोधासाठी कृती समिती उभी राहिली. मान दुखते, केस जातात, गावातल्या गावात कशाला, ही कारणं तेव्हाची आणि आजचीही. केसांचं माहीत नाही, माझे हेल्मेटआधीच गेले होते. मान मात्र बहुधा चुकीच्या मापामुळे दुखते, आणि त्याला उपाय दुकानात आहे.

म्हणून वर्गात हेल्मेटवर भाषण नको, तपासणी हवी. जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायला बंदी आहे, पण रस्त्याकडेला टोपीवजा वस्तू मिळतातच. घातल्यावर गाल किंचित दाबले गेले पाहिजेत. पट्टा लावून हनुवटीखाली दोन बोटं जातील इतपतच जागा हवी. मग शेजाऱ्याने मागून कडेला धरून वर आणि पुढे ढकलायचं. निघालं तर ते रस्त्यावरही निघेल. निम्म्यांच्या हेल्मेटचा पट्टा तुटका असतो किंवा कधी लावलेलाच नसतो. जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नये. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबतो.

मागे बसणारी

मागची सीट हा आपला विसरलेला विषय. तिथे बहुधा आई असते, बायको असते, मांडीवर मूल असतं. साडीचा पदर, ओढणी, बुरख्याचा घोळ चाकात जाऊन होणारे अपघात प्रत्येक सरकारी दवाखान्याला माहीत आहेत. मागच्या चाकाचं कव्हर आणि धरायची कडी नियमानेच लागते, पण दिसायला बरी नाही म्हणून ती काढून माळ्यावर टाकलेली असते.

लहान मुलांसाठीही नियम आहे. फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला चालकाशी जोडणारा पट्टा, नऊ महिन्यांपुढे मापाचं हेल्मेट आणि गाडीचा वेग ताशी ४० च्या आत. टाकीवर बसलेलं पोर आपल्याकडे कौतुकाचा विषय असतो, त्यामुळे हा नियम कुणाला सांगितला की आधी हसू येतं. बचत गटाच्या बैठकीत आम्ही हे बोलतो, बापांच्या वर्गात बोलत नाही. हेल्मेट दोन घ्यायला घरात भाग पाडतात त्या बायकाच.

कोणाचं ऐकतात

जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येतं, बॅनर लागतं, रॅली निघते, फोटो होतो. रॅलीत जी पोरं असतात ती आधीच हेल्मेट घालणारी. बाकीच्यांपर्यंत पोचायचं तर गॅरेजवाल्याला धरावं. गाडी त्याच्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी येते आणि त्याचा शब्द कुणी मोडत नाही. घासलेला टायर, काढून टाकलेले आरसे, न पेटणारा मागचा दिवा हे तो कामासोबत सांगू शकतो. गणेशोत्सवात आरतीनंतरची दहा मिनिटं मंडळ देतं. दहावीच्या वर्गात मात्र कायदाच सांगावा: अल्पवयीनाच्या हाती गाडी दिली तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. मुलं ते घरी जाऊन वडिलांना ऐकवतात.

पडलेल्याला उचलताना

आधी मागची वाहतूक थांबवा, मग १०८. हेल्मेट ओढून काढू नका. श्वास अडकत असेल तर एकाने डोकं-मान धरून ठेवावी आणि दुसऱ्याने सावकाश काढावं. पोलिसांच्या फेऱ्यात अडकू ही भीती आता नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ प्रमाणे मदत करणाऱ्याला नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

उसाचा हंगाम

कारखाने पेटले की आमच्या भागात रात्रीच्या रस्त्याचा रंग बदलतो. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, बाहेर झुकलेला ऊस, मागे दिवा नाही. पुढून येणाऱ्या गाडीच्या उजेडात डोळे दिपतात आणि काळी ट्रॉली काळ्या रस्त्यात मिसळते. इथे दुचाकीवाल्याला कितीही शिकवलं तरी अर्धंच काम होतं. म्हणून हंगामाच्या पहिल्या आठवड्यात वर्गातलीच पोरं कारखान्याच्या वजनकाट्यावर संध्याकाळी उभी करावीत, लाल रिफ्लेक्टरच्या पट्ट्या घेऊन. ट्रॉली काट्याच्या रांगेत थांबलेली असते, ड्रायव्हर चहाला गेलेला नसेल तर हो म्हणतो. पट्टी फाळक्यावर लावू नये, ऊस उतरवताना ते खाली पडतं. खालच्या चॅसीच्या पट्टीवर, दोन्ही टोकांना लावावी. आणि हो, आधी पत्रा स्वच्छ पुसून घ्यावा. धुळीवर पट्टी चिकटत नाही, दुसऱ्या खेपेला गळून पडते.