बदक चावल्याचा कोड आणि बॉटचं बिल

परदेशातल्या गिऱ्हाईकाचं काम आपल्या टेबलावर घ्यायचं, आपल्या पोरांकडून करून घ्यायचं आणि बिल डॉलरमध्ये लावायचं. आउटसोर्सिंगचा धंदा पन्नास वर्षं या एका ओळीवर चालला. आता त्यातलं बरंचसं काम एआय मिनिटांत करून दाखवतं. त्यामुळे हिंजवडीपासून मनिलापर्यंतचे मालक एकाच प्रश्नाशी झटतायत: मग आपण विकायचं तरी काय? उत्तर शोधायला निघालं की वाटेत एकेक भन्नाट गोष्ट भेटते. त्यातल्या या निवडक.

एका खोलीत अमेरिका, दुसरीत भारत

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला नरेंद्र आणि पूनम पटनी हे जोडपं अमेरिकेत राहत होतं. तिथले कागद भारतात पाठवून, टाइप करून परत आणता येतील का, हे त्यांना पाहायचं होतं. हकीकत अशी सांगतात, की प्रयोग घरातच झाला. एक खोली अमेरिका, दुसरी भारत. बोलायला बंदी, सूचना द्यायची ती कागदावर लिहूनच. पलीकडच्याला नुसतं वाचून काम जमलं, तर धंदाही जमणार! जमला. कंपनीचं बॅक ऑफिस पुण्यात उभं राहिलं. आज 'प्रॉम्प्ट कसा लिहावा' याचे वर्ग भरतात. पटनींच्या घरात तो वर्ग पन्नास वर्षांपूर्वीच भरला होता.

ओपनएआयला मदत करणारी पुण्याची लेक

याच पटनींच्या कंपनीतून बाहेर पडलेल्या सात जणांनी 1981 मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू केली. भांडवल 10 हजार रुपये, तेही सुधा मूर्तींनी साठवलेले. पुढे कंपनीने बंगळुरूला बिऱ्हाड हलवलं. डिसेंबर 2015 मध्ये ओपनएआय ही संस्था जाहीर झाली, तेव्हा मदत करणाऱ्यांच्या यादीत इलॉन मस्क, पीटर थील यांच्या पंगतीला इन्फोसिसचंही नाव होतं. चॅटजीपीटीचा जन्म व्हायला तेव्हा सात वर्षं अवकाश होता. ज्या तंत्राने आज आउटसोर्सिंगवाल्यांची झोप उडवलीय, त्याच्या बारशाला आपलाच एक आउटसोर्सिंगवाला हजर होता.

बदक चावलं? डब्ल्यू 61.61!

अमेरिकेत आजाराला किंवा जखमेला ठरलेला कोड लावल्याशिवाय विम्याचे पैसे सुटत नाहीत. 1 ऑक्टोबर 2015 पासून तिथे आयसीडी-10 ची यादी लागू आहे. कोड सुमारे 70 हजार! बदक चावलं तर डब्ल्यू 61.61, बदकाने धडक दिली तर डब्ल्यू 61.62. जेट इंजिनात ओढला गेलेला माणूस पुढच्या तपासणीला आला, तर त्याचीही सोय यादीत आहे.

हे कोड लावण्याचं काम भारतात मोठ्या प्रमाणावर होतं. एआय आल्यावर ते कसं दिसतं? स्क्रीनच्या एका बाजूला डॉक्टरची टिपणं, दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअरने सुचवलेले कोड, आणि मध्ये माऊस धरून बसलेला कोडर. टिपणात लिहिलंय 'छातीत दुखत नाही'. सॉफ्टवेअरने 'नाही' गिळून छातीदुखीचा कोड लावला, तर क्लेम परत येतो. दहा वर्षांपूर्वी बरा झालेला आजार आजचा म्हणून चिकटवला, तर थेट खोट्या बिलाचा आरोप. हात कमी चालतात, डोळे जास्त.

पटकन काम केलं, गल्ला घटला

मालकांच्या डोक्याला खरा ताप इथे आहे. समजा, तासाला 20 डॉलर दराने 1000 तासांचं काम आहे. बिल 20 हजार डॉलर. एआय हाताशी घेऊन तेच काम 600 तासांत उरकलं. गिऱ्हाईक खूश, पोरं खूश आणि बिल 12 हजार! वर एआयच्या लायसन्सचा खर्च वेगळा. तासावर पैसे घेणाऱ्याला हुशारीचा दंड बसतो, तो असा.

म्हणून दर तासावरून उठून निकालावर चाललाय: सुटलेल्या तक्रारीमागे इतके, मंजूर झालेल्या क्लेममागे इतके. ऐकायला झकास. पण तक्रार सुटली नाही तर दमडी मिळत नाही, आणि 'सुटली' म्हणजे नेमकं काय, यावर दोन्हीकडचे वकील आठवडेच्या आठवडे भांडतात.

700 माणसांचं काम, पण…

फेब्रुवारी 2024 मध्ये स्वीडनच्या क्लार्ना कंपनीने जाहीर केलं, की आमच्या एआय सहायकाने पहिल्या महिन्यात 23 लाख संवाद सांभाळले. 700 माणसांचं काम केलं. बातमी फुटताच तिकडे पॅरिसच्या बाजारात टेलिपरफॉर्मन्स या कॉल सेंटरच्या बड्या कंपनीचा शेअर दणकून आपटला. 2025 मध्ये क्लार्नाच्याच प्रमुखांनी कबूल केलं, की खर्चाच्या मागे लागून दर्जा घसरला. ग्राहकाला माणूस हवा तेव्हा माणूस मिळालाच पाहिजे, म्हणून कंपनी पुन्हा माणसं शोधू लागली.

ऑस्ट्रेलियाच्या कॉमनवेल्थ बँकेने तर कमाल केली. व्हॉइस बॉट आला म्हणून 2025 च्या जुलैमध्ये 45 जागा काढल्या आणि ऑगस्टमध्ये माफी मागून निर्णय मागे घेतला.

उच्चार शिकवणाऱ्या बाईंची जागा बटणाने घेतली

वीस वर्षांपूर्वी कॉल सेंटरमध्ये रुजू झालेल्या पोरापोरींना आधी 'ॲक्सेंट ट्रेनिंग'च्या वर्गात बसवायचे. 'व्ही फॉर व्हिक्टर' म्हणताना ओठ दाताला कुठे टेकवायचा, हे आरशात बघून घोटायचं. न्यू यॉर्कला सकाळचे नऊ वाजले की इकडे संध्याकाळचे साडेसहा-साडेसात, आणि सदाशिव पेठेतला समीर हेडफोन चढवून 'सॅम' व्हायचा. रात्र थोडी, सोंगं फार! आता सानास नावाच्या कंपनीचं सॉफ्टवेअर बोलणाऱ्याचा उच्चार चालू कॉलवरच बदलून पलीकडे पोचवतं. टेलिपरफॉर्मन्सने ते भारतातल्या कर्मचाऱ्यांसाठी वापरायला घेतल्याचं 2025 च्या सुरुवातीला जाहीर झालं. समीरने समीरसारखं बोलावं. सॅम होण्याचं काम सॉफ्टवेअरकडे.

बॉट बोलला, कंपनी भरली

घरातलं माणूस गमावलेल्यांना एअर कॅनडा तिकिटात सवलत देते. एका प्रवाशाने कंपनीच्या चॅटबॉटला विचारलं. बॉटने ठोकून दिलं, की आधी प्रवास करा, सवलत नंतर मागा. नियम नेमका उलटा होता. प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या लवादापुढे गेलं, तेव्हा कंपनीचा बचाव काय? चॅटबॉटने दिलेल्या माहितीला आम्ही जबाबदार नाही! लवादाने फेब्रुवारी 2024 मध्ये तो उडवून लावला आणि सुमारे 812 कॅनेडियन डॉलर द्यायला लावले.

रक्कम किरकोळ, धडा महागडा. ऑक्टोबर 2025 मध्ये डेलॉइटच्या ऑस्ट्रेलियातल्या कंपनीने तिथल्या सरकारला एका अहवालाच्या पैशातला काही भाग परत करायचं मान्य केलं. अहवालाला एआयचा हात लागला होता आणि त्यात अस्तित्वातच नसलेले संदर्भ निघाले होते. म्हणजे चूक यंत्राची असो की माणसाची, भरपाई बिल लावणाऱ्याच्याच खिशातून.

यंत्राच्या पोटात माणूस

1770 मध्ये व्हिएन्नाच्या दरबारात बुद्धिबळ खेळणारं एक यंत्र अवतरलं: फेटा बांधलेला 'तुर्क'. त्याने भल्याभल्यांना हरवलं. गंमत म्हणजे पेटीत एक खेळाडू लपलेला असायचा! ॲमेझॉनने 2005 मध्ये बारीकसारीक कामं जगभरच्या माणसांकडून करून घेणारी सेवा काढली, तिचं नावही 'मेकॅनिकल टर्क'. एआयला फोटोतलं मांजर ओळखायला शिकवणारी माणसं पुढे अशाच सेवांवरून आली.

ॲमेझॉनच्या 'रांग नको, उचला आणि चला' दुकानांबद्दलही 2024 मध्ये बातमी आली, की त्यामागे भारतातली सुमारे हजार माणसं व्यवहार तपासतात. माणसं थेट खरेदी बघत बसतात हे कंपनीने नाकारलं. यंत्र शिकवायला आणि थोडे व्यवहार तपासायला माणसं आहेत, हे मात्र मान्य केलं.

109 तास मराठी

यंत्राला मराठी बोलणं कळावं, तर आधी मराठी माणसांनी बोलून दाखवायला हवं. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या 'कार्या' प्रकल्पाशी जोडलेल्या अभ्यासात मराठी आवाज गोळा केले गेले: गावातल्या कमी उत्पन्नाच्या लोकांचे, शहरातल्या कमी उत्पन्नाच्या लोकांचे आणि विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचे. 36 जण, मिळून 109 तास. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की गरीब कामकऱ्यांनी केलेलं काम विद्यार्थ्यांच्या तोडीस तोड. पुढे 'कार्या' स्वतंत्र संस्था झाली. एआय काही कामं खातं, तसं हे एक नवं कामही देतं. आणि त्याला अमेरिकन उच्चार लागत नाही.

गिऱ्हाईकच झालं प्रतिस्पर्धी

एआयची एवढी धास्ती, पण आणखी एक भागीदार वाटा न्यायला बसलाय. परदेशी कंपन्या आता काम बाहेर देण्याऐवजी भारतात स्वतःचीच कचेरी थाटतात. 2024 मध्ये अशी 1700 हून जास्त केंद्रं देशात होती, त्यांत 19 लाखांच्या आसपास माणसं. पुण्यात त्यांची बरीच गर्दी आहे. काम भारतातच, पण मधला ठेकेदार बाद!

मोठे मासे तोवर खरेदीला निघालेत. ब्रिटिश एअरवेजचा एक विभाग म्हणून 1996 मध्ये मुंबईत सुरू झालेली डब्ल्यूएनएस, फ्रान्सच्या कॅपजेमिनीने 3.3 अब्ज डॉलरला घेतल्याचं जुलै 2025 मध्ये जाहीर झालं. कारण उघड सांगितलं: एआय वापरून गिऱ्हाइकाची सगळी प्रक्रियाच चालवायची. आणि ते दोन खोल्यांवाले पटनी? त्यांची कंपनी 2011 मध्ये आयगेटने घेतली आणि 2015 मध्ये आयगेटला कॅपजेमिनीने.

तर विकायचं काय?

टायपिंग स्वस्त झालं, उच्चार फुकट झाला, कोड सुचवायला सॉफ्टवेअर आलं. भाव टिकून आहे तो तपासून सही करण्याला आणि चूक निघाली तर ती निस्तरण्याला. म्हणून नवं कंत्राट हातात आलं की आधी दराचं पान उघडू नका. एआयने घोळ घातला तर भरपाई कोण देणार, त्याला मर्यादा किती आणि शेवटची सही कोणाची, हे कलम आधी वाचा आणि त्याचा वेगळा दर लावा. जो मालक ही जबाबदारी फुकटात अंगावर घेईल, त्याचा नफा एका चुकीत जाईल.